अण्णांचा संबळ कुणाच्या कमरेला?

पत्र

ताई, मी कोपरखैरण्याचा. वय ४४, ऐरोलीत आयटी कंपनीत नोकरी. वडील, म्हणजे आमचे अण्णा, गेल्या मार्गशीर्षात सत्तराव्या वर्षी गेले. आम्ही गोंधळी, मूळचे माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात अण्णा सतरा वर्षांचे असताना मुंबईला आले. मशीद बंदरला पाठीवर पोती वाहिली, धान्यबाजार वाशीला हलला तसे तेही इकडे आले. दिवसा माथाडी, लग्नसराईत रात्री जागरण-गोंधळ. त्यांचा संबळ (गोंधळात कमरेला बांधून काठ्यांनी वाजवायचं जोडवाद्य) ऐकलेली माणसं अजूनही मला रस्त्यात थांबवतात. (अण्णांबरोबर तीस-पस्तीस वर्षं तुणतुण्यावर असलेले नाना घणसोलीत असतात, पण तेही आता सुपाऱ्या घेत नाहीत.)

मला मात्र अण्णांनी संबळाला हात लावू दिला नाही. सातवीत असताना काठी उचलली तर काढून घेतली. 'अभ्यास कर' एवढंच म्हणाले.

त्यांच्या पैशांतले चार लाख मी आणि बहिणीनं त्यांच्या आठवणीसाठी बाजूला काढले आहेत. मेहुणे म्हणतात, दरवर्षी वाशीच्या भावे नाट्यगृहात कार्यक्रम करू, एका लोककलावंताला अण्णांच्या नावाचा पुरस्कार देऊ. मला वाटतं, मुलांच्या संगीत शिक्षणासाठी काही करावं. पण संबळ शिकणार कोण? सगळ्यांना गिटार, कीबोर्ड हवाय. आमच्या घरात संबळाभोवती घुटमळते ती एकटी बहिणीची मुलगी, अकरा वर्षांची. पण मुलीनं संबळ? आणि आई म्हणते, संबळ देवघरातच राहील, कुणी हात लावायचा नाही. काय करू?

— अण्णांचा मुलगा

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. चार लाख, नाट्यगृह, पुरस्कार, कीबोर्ड, सगळं मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा नानांपाशी अडखळले. त्यांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते अण्णांच्या फार मागेपुढे नसावेत. कोपरखैरण्याहून ठाण्याच्या गाडीत बसलं की घणसोली पुढचंच स्टेशन. अण्णा गेल्यापासून तिकडे किती वेळा गेलात?

टोमणा मारत नाहीये. गोंधळात संबळ कधी एकटा वाजत नाही, म्हणून विचारते. नायक आख्यान लावतो, तुणतुणं सूर धरून बसतं, झांज वाजते, मधेच साथीदार आडवा प्रश्न टाकतो, लोक हसतात आणि त्या हशाच्या पाठोपाठ संबळ कडाडतो. तो नेमका कुठे कडाडायचा हे वाजवणाऱ्याइतकंच शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असतं. अण्णांचा हात अण्णांबरोबर गेला. पण आवतणाला तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका अशी एकेक नावं घेताना तो हात किती सैल असायचा, आख्यानात लढाई आली की कसा चढायचा, कुठे दम घ्यायचा, हे नानांच्या कानात अजून शाबूत असेल. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की या चार लाखांतला पहिला रुपया शिकणाऱ्याच्या आधी शिकवणाऱ्याला द्या. बाकीचं उत्तर म्हणजे याचाच तपशील.

शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हुशार आणि गरजू मूल येतं. तबला, पेटी, शास्त्रीय गाणं यांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. तिथे क्लास आहेत, परीक्षा आहेत, गुरुजी आहेत. मुलाला कमी पडते ती फी. संबळाची फी भरायला तुम्ही तयार झालात तरी ती नेऊन कुठे भरणार? कोपरखैरण्याच्या कुठल्या सेक्टरमध्ये संबळाच्या क्लासची पाटी पाहिलीत?

आता मेहुण्यांचा पुरस्कार. काही वर्षांपूर्वी ठाण्यात अशाच एका स्मृतिसोहळ्याला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. कुणाचा ते सांगत नाही. हेतू चांगलाच होता. तीन तासांच्या कार्यक्रमात दोन तास भाषणं झाली. पुरस्कार घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या वाघ्याला 'वेळेअभावी' पाच मिनिटं मिळाली, त्यातली दोन माइक नीट करण्यात गेली. कार्यक्रम संपल्यावर ते बाहेर उभे होते. खांद्यावर शाल, काखेत नारळ, हातात काचेचं सन्मानचिन्ह. रिक्षा करून द्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आम्ही दोघं तलावपाळीपर्यंत चालत आलो. 'बाई, ही काच घरात ठिवायची कुठं?' एवढंच ते म्हणाले. त्यांची दिमडी ऐकायची माझी राहूनच गेली.

सगळे पुरस्कार असे होतात असं नाही. पण हॉलचं भाडं, फ्लेक्स, हार, पाहुण्यांची गाडी, निवेदक हा खर्च दरवर्षी आधी निघतो आणि कलावंताचं पाकीट उरलेल्या पैशांतून भरलं जातं. कागदावर आकडे मांडा आणि मेहुण्यांना शांतपणे दाखवा.

वाशीत तुमचं जाणं-येणं आहे म्हणून एक उदाहरण तिथलंच देते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची तिथे वास्तू आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजेरजवाड्यांच्या मर्जीवर न राहता लोकांच्या पैशांवर चालणारं, कुणालाही दार उघडं असणारं. पुढे ते मुंबईला आले आणि इथे कर्ज काढून विद्यालयाची मोठी इमारत बांधली. ती इमारत कर्जापायी लिलावात गेली. बुवांनी तयार केलेले विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर यांचा लिलाव थोडाच होणार होता! १९३१ साली बुवा गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी हे मंडळ स्थापन केलं. आज प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षांना बसणाऱ्या बऱ्याच पोरांना बुवांचा जन्म कुरुंदवाडचा हेसुद्धा माहीत नसतं. तरी ती सगळी त्यांचीच.

अण्णांची तुलना पलुस्करांशी करत नाही; अण्णांनीच मला हसून वेड्यात काढलं असतं. पण बुवांच्या माणसांनी पैसा आणि कष्ट कशावर लावले ते पाहण्यासारखं आहे.

पैशांचं

तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल, की चार लाख मुदत ठेवीत टाका आणि नुसत्या व्याजावर काम चालवा, म्हणजे निधी कायम राहील. साडेसहा टक्के धरले तर वर्षाला २६,००० रुपये येतात, महिन्याला २,२०० च्या आत. यात शिकवणाऱ्याची बिदागी धड निघत नाही, वाद्यं तर लांबच. दहा वर्षांनी ठेव तशीच असेल आणि शिकवायला नाना नसतील.

तेव्हा मुद्दल खर्चा. पाच वर्षांत पैसे संपवायचे असं ठरवूनच सुरुवात करा. नानांना महिन्याला ४,००० रुपये दिलेत तर वर्षाचे ४८,०००, पाच वर्षांचे २,४०,०००. उरलेल्या १,६०,००० मध्ये संबळाच्या दोन-तीन जोड्या, कातडं बदलणं, मुलांचं बसभाडं, खाऊ आणि नानांची रिक्षा. रिक्षा मुद्दाम लिहिली आहे. पाच वर्षांत दोन पोरं जरी पूर्ण गोंधळाला साथ करण्याइतकी तयार झाली तरी पैसे फिटले.

आणि पैसे देताना 'मानधन', 'मदत' असले शब्द नकोत. नाना म्हणतील, अण्णाच्या नावाचे पैसे मी कसे घेऊ. त्याला बिदागी म्हणा. महिन्याच्या पहिल्या रविवारी, शिकवायला बसायच्या आधी, पोरांच्या हातून पान-सुपारीबरोबर द्या. बिदागी घ्यायला कलावंताला संकोच वाटत नाही, ती त्याच्या हक्काची असते.

अजून एक. सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे, महिना ५,००० रुपयांची. वय पन्नाशीच्या पुढे लागतं, उत्पन्नाची अट आहे आणि इतकी वर्षं कला केली याचे पुरावे मागतात: जुन्या कार्यक्रमपत्रिका, फोटो, कात्रणं. नानांना ते मिळतं का विचारा. मिळत नसेल तर अर्ज ते स्वतः करणार नाहीत हे मी आत्ताच लिहून देते. तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसता, त्यांचे कागद जमवायला एक शनिवार काढा.

ट्रस्ट वगैरे आत्ता नको. पैसे तुम्हा दोघा भावंडांचेच आहेत तोवर दोघांच्या सह्यांचं वेगळं खातं आणि एक वही पुरे. उद्या बाजारातली, गावाकडची माणसं वर्गणी देऊ लागली आणि पावतीपुस्तक छापायची वेळ आली, तर मात्र त्याआधी धर्मादाय आयुक्तांकडे जा. गणपती मंडळं कलम ४१-क ची परवानगी काढतात, तीच तुम्हालाही लागेल. काम टिकलं तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली रीतसर नोंदणी करता येईल.

अण्णांनी काठी का काढून घेतली

हे तुम्ही तीन ओळींत उरकलंय, पण पत्र खरं त्यासाठीच लिहिलंत असं मला वाटतं. अण्णांनाच नको होतं ते आपण त्यांच्या नावानं करतोय का, अशी शंका आहे ना?

मला भेटलेल्या कितीतरी गोंधळ्यांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितली आहे. रात्रभर जो मांडवात देवीला बोलावतो, त्याला सकाळी पसाभर धान्यासाठी त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवायचे. अण्णांनी ते पाहिलं असणार, वर दुष्काळ पाहिला, पोती वाहिली. तुमचं पोट संबळावर अवलंबून राहू नये एवढं त्यांनी पाहिलं, आणि ते साधलं. पण स्वतः ते दिवसभर हमाली करून आल्यावर रात्रीच्या सुपाऱ्या घेत राहिले. नकोशी झालेली वस्तू माणूस इतकी वर्षं कमरेला बांधून हिंडत नाही.

तरी माझ्या तर्कावर जाऊ नका. नानांना विचारा. अण्णा घरी जे बोलले नाहीत ते मांडवामागे चहा पिताना नानांजवळ बोलले असतील.

आणि थोडं कडू बोलते. तुमची टोचणी चार लाखांनी जाणार नाही. मुलांना शिकायला बसवून तुम्ही दाराशी फोन बघत उभे राहिलात तर ती उलट वाढेल. पोरांच्या मागे बसा, झांज धरा. चव्वेचाळिसाव्या वर्षी संबळाचा हात बसेल न बसेल, झांजेला कुणी नाही म्हणत नाही.

शिकणार कोण

'शिकणार कोण' म्हणून सगळे हात वर करताय आणि जे एक मूल संबळाभोवती घुटमळतंय त्याला तुम्ही धरलंच नाहीत! भाचीपासून सुरुवात करा.

मुलीनं संबळ वाजवावा का, याचे मी दोन भाग करते. चौक मांडायचा, दिवटी धरायची, विधीला कुणी उभं राहायचं, हा मान आणि त्याचे रिवाज तुमच्या समाजातली थोर माणसं बघतील. त्यात मी बाहेरची बाई बोलणार नाही. हात शिकणं ही वेगळी गोष्ट आहे. संबळाला दोन काठ्या लागतात, एक सरळ, एक टोकाला वाकलेली. एक भांडं टणक बोलतं, दुसरं घुमतं. अकरा वर्षांच्या कमरेला ते ओझं सुरुवातीला झेपणार नाही, तर जमिनीवर ठेवून वाजवू दे. त्याआधी दोन महिने नुसतं ऐकू दे, टाळ्यांवर लय धरू दे. नाना तुणतुण्याचे, संबळाचा बारीक हात त्यांना दाखवता आला नाही तर कुणाला बोलवायचं ते नानाच सांगतील. चूक झाली की भुवई वर करायचं काम त्यांचं.

आणखी तीनच मुलं शोधा. भाऊबंदांतली चालतील, महापालिकेच्या शाळेतली चालतील. पंचवीसच्या बॅचच्या मागे लागू नका, फोटो छान येतो आणि हात कुणाचाच बसत नाही. पालक 'याचा उपयोग काय' म्हणाले तर सांगा, दहावीला शास्त्रीय कलांप्रमाणे लोककलांसाठीही वाढीव गुणांची सोय आहे. नियम शाळेतून नीट समजून घ्या. गुणांसाठी आलेलं पोरही कधीकधी टिकतं.

कीबोर्ड-गिटारला मी नावं ठेवत नाही. ज्यांना ते शिकायचंय त्यांना वाशीत आणि ठाण्यात शिकवणाऱ्यांची कमी नाही. पण अण्णांच्या पैशांतून कीबोर्डचा क्लास काढायचा, तर पाटीवर अण्णांचं नाव कशाला?

जागेचं आधी बघा. संबळाचा आवाज काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, आणि माथाडी वसाहतीत भिंतीला भिंत लागलेली. रविवारी सकाळी एखाद्या शाळेचा वर्ग किंवा समाजमंदिर मिळवा.

आवाजावरून आठवलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाद्यं आणि भोंगे बंद. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, माझंही घर रस्त्यावर आहे. पण पहाटेपर्यंत चालणारा गोंधळ आता जेवणाच्या पंगतींबरोबर आटपतो, आणि सगळ्यात आधी कात्री लागते आख्यानाला. द्रौपदीचं जांभूळ आख्यान विठ्ठल उमपांनी रंगमंचावर गाजवलं म्हणून शहरातल्या माणसांना माहीत झालं. तशी किती आख्यानं नानांच्या तोंडी असतील, आणि गेल्या कित्येक वर्षांत ती शेवटपर्यंत म्हणायला त्यांना कुणी वेळ दिला असेल?

तो वेळ तुम्ही द्या. दुपारी, त्यांच्याच घरी, पंखा बंद करून (रेकॉर्डिंगमध्ये पंखा फार येतो), फोन उशीवर ठेवून. सुरुवातीला तारीख आणि कोण म्हणतंय ते बोला. एका बैठकीला एक आख्यान, घाई नाही. नंतर भाचीकडून वहीत उतरवून घ्या, न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारून पुढच्या वेळी विचारा. एक प्रत नानांच्या घरी राहील. त्यांना विचारल्याशिवाय यूट्यूबवर टाकायचं नाही. थोडं जमलं की मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत, कलिन्याला, एक चक्कर मारा. अशा गोष्टीचं मोल कळणारी माणसं तिथे भेटतील.

मेहुणे आणि आई

मेहुण्यांना तोडू नका. त्यांना कार्यक्रम करायचाय, तर तिसऱ्या वर्षी नवरात्रात तुमच्याच वसाहतीतल्या देवीपुढे करा. मांडव असतोच, भाडं नाही. पोरं वाजवतील, नाना बसून ऐकतील, भाषणाला मेहुणे एकटे आणि पाच मिनिटं. तोवर जागेची परवानगी, मुलांची ने-आण, वहीतला हिशेब त्यांच्याकडे सोपवा. कार्यक्रम करायची हौस असलेल्या माणसाला कामं उरकता येतात, हा माझा अनुभव आहे.

आईंकडे संबळ मागू नका. गोंधळ्याच्या घरात तो देव्हाऱ्याशीच शोभतो, आणि पन्नास वर्षं त्यांनी तो अण्णांच्या कमरेला पाहिलाय. भाचीला नवी जोडी घ्या. वर्षभरात तिचा हात बसला की एक दिवस आजीपुढे वाजवू दे, काही न मागता. पुढे काय करायचं ते आईच ठरवतील. नाही म्हणाल्या तरी चालेल.

फक्त त्यांना एक सांगा. संबळ भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात आपल्याकडच्या खाडीच्या हवेनं कातडं ओल धरतं. खाली पाट ठेवा आणि महिन्यातून एकदा नानांना चहाला बोलवा. ते आईंसमोरच दोन काठ्या फिरवून कातडं बघून जातील. या रविवारी घणसोलीला जाल तेव्हा त्यांना हेच काम आधी सांगा. शिकवण्याचा विषय नंतर निघेलच. भाचीला बरोबर न्यायला विसरू नका.